वेब डिझायनरचा खर्च कशावर ठरतो? ठाणे आणि नवी मुंबईतील छोट्या व्यावसायिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नौपाड्यात दवाखाना चालवणारे दंतवैद्य, वागळे इस्टेटमधील एखादे कारखानदार किंवा वाशीत क्लास घेणारे शिक्षक वेबसाइटसाठी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतात, तेव्हा एकाकडून पंधरा हजार, दुसऱ्याकडून साठ हजार आणि तिसऱ्याकडून दोन लाख असे आकडे आले तर त्यात नवल नाही. तिघांनाही सांगितलेले वाक्य एकच असते: ‘आम्हाला पाच पानांची साधी वेबसाइट हवी आहे.’ मग पहिला काम उरकून टाकणार आणि तिसरा लुबाडणार, असा समज होतो आणि मधला आकडा सुरक्षित वाटू लागतो. प्रत्यक्षात त्या एका वाक्यातून तिघांनी तीन वेगवेगळी कामे गृहीत धरलेली असतात, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखेच नसतात.

वेबसाइटचा खर्च पानांच्या संख्येवर फारसा ठरत नाही. ग्राहकाने कोणत्या गोष्टी ठरवून, लिहून आणि जमवून दिल्या आहेत आणि कोणत्या डिझायनरवर सोडल्या आहेत, यावर तो ठरतो. जे ठरलेले नाही त्यासाठी डिझायनर एक तर जादा वेळ धरतो, किंवा ते काम वगळून आकडा कमी ठेवतो आणि पुढे प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे मागतो. म्हणून दराची घासाघीस करण्यापूर्वी आपल्या बाजूची तयारी पूर्ण करणे, हाच खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी डिझायनरचा हिशेब समजून घ्यावा

डिझायनर मुख्यतः आपला वेळ विकत असतो. एकट्याने काम करणाऱ्या फ्रीलान्सरचे उदाहरण घेऊ. घरखर्च आणि बचत यांसाठी त्याला महिन्याला ६०,००० रुपये हवे आहेत आणि लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, प्रवास, हिशेबनीसाची फी यांवर १५,००० रुपये जातात असे धरू. महिन्यातील सगळे तास त्याला विकता येत नाहीत, कारण नव्या ग्राहकांशी बोलणे, कोटेशन तयार करणे, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा आणि नवे तंत्र शिकणे यांत बराच वेळ जातो. समजा, बिल लावता येतील असे १०० तास उरतात. म्हणजे त्याचा दर तासाला ७५० रुपये पडतो.

आता पाच पानांच्या वेबसाइटचे तास मांडू. ग्राहकाचा व्यवसाय समजून घेण्यास ६, पानांची रचना ठरवण्यास ४, दृश्य आराखड्यास १६, प्रत्यक्ष बांधणीस २४, मजकूर आणि छायाचित्रे बसवण्यास ८, वेगवेगळ्या मोबाइलवर तपासण्यास ६, ग्राहकाने सुचवलेल्या बदलांना १० आणि शेवटी वेबसाइट कशी वापरायची हे शिकवण्यास २ तास धरले, तर एकूण ७६ तास होतात आणि रक्कम ५७,००० रुपये येते. हे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरले आहेत. बाजारभाव म्हणून ते कोणापुढे ठेवू नयेत. पण या मांडणीवरून एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की पंधरा हजारांचे कोटेशन देणारा माणूस यांपैकी बरेच तास खर्च करणारच नाही. तो तयार साच्यात आपले नाव आणि फोन नंबर भरून देईल. ते वाईट असतेच असे नाही, कारण कित्येक दुकानांना तेवढेच पुरते. मात्र आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे घेण्यापूर्वी माहीत असले पाहिजे.

पहिली पायरी: गरज एका कागदावर लिहून काढावी

कोटेशन मागण्यापूर्वी एका पानात मावेल एवढे टिपण तयार करावे. वेबसाइट पाहणारा माणूस कोण आहे आणि पाहून झाल्यावर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, हे त्यात सर्वांत आधी लिहावे. रुग्णाने वेळ ठरवण्यासाठी फोन करावा, पालकांनी क्लासमध्ये प्रवेशाची चौकशी करावी, पुण्याच्या किंवा अहमदाबादच्या कंपनीच्या खरेदी विभागाने मालाचे दरपत्रक मागवावे, ही तीन निरनिराळी उद्दिष्टे आहेत आणि त्यांची कामेही निरनिराळी आहेत. ‘आपल्या क्षेत्रातल्या सगळ्यांची आहे म्हणून आपलीही हवी’ एवढेच कारण सापडत असेल, तर सध्या गूगलवर व्यवसायाची मोफत नोंद नीट भरून, चांगली छायाचित्रे टाकून थांबणे अधिक शहाणपणाचे आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर पानांची नावे, भाषा, फॉर्म, ऑनलाइन पैसे घ्यायचे की नाही, काम कोणत्या तारखेपर्यंत हवे आणि खर्चाची कमाल मर्यादा किती, हे लिहावे. मर्यादा सांगितली की समोरचा तेवढेच बिल लावेल, या भीतीने बहुतेक जण ती लपवतात. उलट चाळीस हजारांची मर्यादा कळली, तर प्रामाणिक डिझायनर त्या रकमेत काय बसेल आणि काय पुढच्या टप्प्यावर ठेवावे लागेल, हे सरळ सांगू शकतो.

निर्णय कोण घेणार, हेही याच कागदावर यावे. घरच्या व्यवसायात वडील, भाऊ, वहिनी आणि जुने व्यवस्थापक असे सगळेच मत देतात, आणि ते साहजिकही आहे. परंतु डिझायनरशी बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि घरातली मते तिच्याकडे जमा होऊन एकत्रितपणे पुढे जावीत. सोमवारी निळा रंग पसंत आणि गुरुवारी काकांच्या सांगण्यावरून मरून, असे झाले की बदलांसाठी धरलेले तास तिथेच संपतात.

दुसरी पायरी: मजकूर, छायाचित्रे आणि मालाची माहिती

खर्च सर्वाधिक हलतो तो येथे, आणि कोटेशनमध्ये सर्वांत कमी शब्द याच बाबीवर असतात. त्यामुळे येथे थोडे थांबून पाहू.

समजा, रबाळे एमआयडीसीत रबरी सील आणि गॅस्केट बनवणारा एक लघुउद्योग आहे. त्याची १४० उत्पादने वेबसाइटवर दाखवायची आहेत. मालकांकडे एक जुना छापील कॅटलॉग, काही पीडीएफ फाइली आणि व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे आहेत. डिझायनरला प्रत्येक उत्पादनासाठी कॅटलॉगमधून नाव, आतला आणि बाहेरचा व्यास, जाडी, रबराचा प्रकार आणि ते किती तापमान सोसते, हे वाचून टंकावे लागते. मग छायाचित्र शोधून, कापून, त्याची पार्श्वभूमी स्वच्छ करून बसवावे लागते. एका उत्पादनाला १२ मिनिटे धरली, तरी १४० उत्पादनांना २८ तास लागतात आणि वरच्या दराने त्याचे २१,००० रुपये होतात. शिवाय टंकणाऱ्याला नायट्राइल आणि व्हायटॉन या रबराच्या प्रकारांतला फरक ठाऊक नसतो, म्हणून चुका राहतात आणि त्या शोधण्याचे काम शेवटी कारखान्याच्याच माणसाकडे येते.

आता तीच माहिती कारखान्यातील माणसाने एक्सेलमध्ये नीट भरली, एका ओळीत एक उत्पादन, प्रत्येक गुणधर्माला वेगळा रकाना आणि शेवटच्या रकान्यात छायाचित्राच्या फाइलचे नेमके नाव, असे केले, तर ती संपूर्ण यादी वेबसाइटमध्ये एकदम चढवता येते. त्याला तपासणीसह तीन-चार तास पुरतात. वेबसाइट तीच राहते, पानेही तेवढीच राहतात, पण कोटेशनमधून सुमारे अठरा हजार रुपये कमी होतात. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला माल तोंडपाठ असतो. त्याला रोज थोडा वेळ मोकळा करून दिला तर हे काम बाहेरच्या कोणाहीपेक्षा तो बिनचूक करतो.

मराठी मजकुराबाबत एक वेगळी अडचण येते. ठाण्यातल्या अनेक जुन्या संस्थांची आणि व्यवसायांची माहितीपत्रके डीटीपी करताना श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर एकसारख्या चालणाऱ्या युनिकोड पद्धतीच्या आधीच्या) टंकांत टंकलेली आहेत. त्या फाइलमधील मजकूर वेबसाइटवर चिकटवला की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रूपांतरानंतर रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात. म्हणून प्रत्येक ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. हे मुद्रितशोधन कोण करणार, हे कोटेशनमध्ये लिहिलेले नसेल तर ते कोणीच करणार नाही, असे समजावे. दहा-बारा पानांचा मजकूर असेल, तर तो युनिकोडमध्ये नव्याने टंकून घेणे बहुधा अधिक स्वस्त आणि निर्धोक ठरते.

वेबसाइट मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवी असेल, तर खर्च दुप्पट होत नाही, पण त्यात बरीच वाढ होते. मजकूर दोनदा तपासावा लागतो, पुढचा प्रत्येक बदल दोन ठिकाणी करावा लागतो, आणि देवनागरीत वेलांट्या, मात्रा व उकार ओळीच्या वर-खाली जात असल्याने इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर अपुरे पडते. डिझायनरने मराठीसाठी कोणता टंक निवडला आहे, हे आवर्जून विचारावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले मुक्ता आणि बलू किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे टंक विनामूल्य आहेत, त्यामुळे टंकाच्या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर कारण विचारण्यास हरकत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असेल, तर काही टंक मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. नोंद नसेल तर हिंदी वळण दिसते. पाच मिनिटांचे हे काम ज्या डिझायनरला माहीत आहे, त्याने मराठीत आधी काम केले आहे, असे मानायला हरकत नाही.

छायाचित्रांचा खर्च वेगळा धरावा. दवाखाना, कारखाना किंवा उपाहारगृह यांच्यासाठी छायाचित्रकाराचा एक दिवस घेतला, तर त्या पैशांचे चीज होते. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांमुळे मूळ छायाचित्रकाराकडून भरपाईची मागणी येऊ शकते, म्हणून प्रत्येक चित्राचा परवाना कोणाचा, हे लेखी घ्यावे.

तिसरी पायरी: तयार थीम की स्वतंत्र आराखडा

फ्लॅटचे रंगकाम देताना आपण ‘लेबर रेट’ आणि ‘विथ मटेरियल’ हे दोन भाव वेगळे विचारतो, तसे येथेही साहित्य आणि मजुरी वेगळी करून पाहावी. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे, २००३ पासून उपलब्ध असलेले मुक्त सॉफ्टवेअर स्वतः मोफत आहे. त्यावर चढवायची थीम (दर्शनी रूपाचा तयार साचा) आणि प्लगइन (जादा सोयी जोडणारे छोटे सॉफ्टवेअर) मोफतही मिळतात, विकतही मिळतात, आणि विकतच्यांपैकी अनेकांचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. तो परवाना कोणाच्या नावावर आहे, हे विचारावे. डिझायनरच्या एकाच परवान्यावर चाळीस ग्राहकांच्या वेबसाइट चालत असतील, तर त्याने काम सोडल्या दिवशी सगळ्यांच्या थीम आणि प्लगइन अद्ययावत होणे थांबते. सशुल्क थीमच्या फुकट फिरणाऱ्या चोरीच्या प्रती वापरणारेही भेटतात. अशा प्रतींत घातक कोड दडवलेला असण्याचा धोका असतो, आणि वेबसाइट हॅक झाल्यावर ती साफ करण्याचा खर्च मूळ बचतीपेक्षा सहज जास्त होतो.

स्वतंत्र आराखड्यात डिझायनर आधी कोऱ्या पानावर रचना करतो, मंजुरी घेतो आणि मग ती कोडमध्ये उतरवतो. हे तास खरे असतात आणि त्याचे पैसेही खरे असतात. तरीही माझ्या मते दवाखाना, क्लास, सनदी लेखापालाचे कार्यालय किंवा छोटा कारखाना यांना नीट निवडलेली, रंग आणि टंक बदलून आपलीशी केलेली थीम पुरेशी आहे. वाचलेले पैसे चांगल्या मजकुरावर आणि छायाचित्रांवर घालावेत. स्वतंत्र आराखड्याचा खर्च ज्यांची विक्रीच वेबसाइटच्या दर्शनी रूपावर अवलंबून आहे त्यांनी करावा. दागिन्यांची पेढी किंवा अंतर्गत सजावटकार ही त्याची सरळ उदाहरणे आहेत.

दोन्ही प्रकारांत वेगाची अट मात्र लेखी घालावी. गूगलच्या निकषांनुसार पानावरील मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडू नये. आपले बहुतेक ग्राहक लोकलच्या गर्दीत, मोबाइलच्या कमी-जास्त होणाऱ्या नेटवर्कवर वेबसाइट उघडतात, हे लक्षात घेता पाच एमबीचा फिरता बॅनर त्यांच्या काहीच उपयोगाचा नाही. गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट आहे. डिझायनरने आधी केलेल्या दोन-तीन वेबसाइट त्यात टाकून पाहिल्या की त्याच्या कामाचा दर्जा त्याच्या सांगण्याविनाच कळतो.

चौथी पायरी: वेबसाइटने काय ‘करायचे’ आहे

माहिती दाखवणारे पान स्वस्त असते आणि काही काम करणारे पान महाग असते. चौकशीचा फॉर्म, नकाशा आणि व्हॉट्सॲप बटन यांना विशेष खर्च येत नाही. वेळ आरक्षित करणे, विद्यार्थ्यांसाठी लॉगिन, साठ्याची नोंद, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी आणि ऑनलाइन विक्री या गोष्टी मात्र तास भराभर वाढवतात, कारण प्रत्येक ठिकाणी ‘असे झाले तर काय’ याचा विचार करावा लागतो.

वाशीच्या एपीएमसी फळबाजाराशी जोडलेला एखादा व्यापारी हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकू इच्छितो, असे समजू. पेटी चार डझनांची की पाच, कोणत्या पिनकोडला पोहोचवता येते, भाव रोज बदलतो तेव्हा तो कोण आणि कोठून बदलणार, आंबा डागी निघाला तर पैसे परत की बदली पेटी, पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही तर काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोडमध्ये किंवा मांडणीत उतरवावे लागते. व्यापाऱ्याने ही उत्तरे आधी लिहून दिली तर काम निम्म्यावर येऊ शकते. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम सुरू होत असताना जानेवारीअखेर काम दिले, तर घाईचा भावही लागणारच. अशा वेबसाइटचे काम पावसाळा सरताच हाती द्यावे.

पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, शुल्क हा डिझायनरच्या बिलाबाहेरचा, कायम चालू राहणारा खर्च आहे. कार्डाने आलेल्या पैशांवर ते साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरील एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे व्यवहार शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरीही काही गेटवे आपले स्वतंत्र सेवाशुल्क लावतात, म्हणून दरपत्रक नीट वाचावे.

कायद्याने आवश्यक असलेल्या गोष्टी कोटेशनमध्ये क्वचितच दिसतात. ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. त्यांनुसार व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील वेबसाइटवर द्यावा लागतो, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या गृहप्रकल्पाची जाहिरात करणाऱ्या वेबसाइटवर महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत जाहिरातीवर बंधने आहेत, म्हणून रुग्णांच्या स्तुतीची पाने करून घेण्यापूर्वी विचार करावा. नाव आणि फोन नंबर गोळा करणाऱ्या साध्या फॉर्मजवळही ती माहिती कशासाठी वापरणार, हे स्पष्ट लिहिण्याची सवय ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. डिझायनर या पानांची जागा तयार करून देईल, पण त्यांतील मजकुराची जबाबदारी व्यवसायाचीच राहते.

पाचवी पायरी: काम कोणाला द्यावे

घरून काम करणारा फ्रीलान्सर स्वस्त पडतो, कारण त्याला जागेचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार नसतात. वागळे इस्टेटमध्ये किंवा महापे येथे कार्यालय असलेल्या एजन्सीच्या दरात भाडे, विक्री करणारा माणूस, प्रकल्प सांभाळणारा माणूस आणि पगार हे सर्व मिसळलेले असते. ऐरोली, घणसोली आणि महापे येथील मोठ्या आयटी कंपन्या त्याच कुशल मुलामुलींना नोकरीवर घेत असल्याने चांगला माणूस टिकवण्यासाठी एजन्सीला पगारही तसा द्यावा लागतो. या जादा पैशांच्या बदल्यात एक माणूस आजारी पडला किंवा गावी गेला तरी काम थांबत नाही. ऑनलाइन विक्रीच्या किंवा लॉगिनच्या वेबसाइटसाठी ही हमी मोलाची आहे. पाच पानांच्या माहितीपर वेबसाइटसाठी मी विनासंकोच चांगला फ्रीलान्सर निवडेन.

दूरच्या गावातील डिझायनर आणखी स्वस्त मिळू शकतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र कारखान्याची ओळख करून द्यायची असेल, तर जवळच्या माणसाचा उपयोग होतो. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून रबाळे किंवा तुर्भे येथे येऊन अर्धा दिवस मशीनजवळ उभा राहिलेला डिझायनर असे प्रश्न विचारतो, जे व्हिडिओ कॉलवर सुचत नाहीत.

निवड करताना त्याच्या जुन्या ग्राहकांपैकी दोघांना फोन करावा आणि वेबसाइट कशी झाली यापेक्षा, झाल्यानंतर सहा महिन्यांनी फोन उचलतो का, हे विचारावे.

सहावी पायरी: कोटेशन एकाच मापाने मोजावे

तयार केलेले टिपण तिघांनाही एकाच दिवशी पाठवावे आणि उत्तर ठरावीक बाबींनुसार मागावे: आराखडा, बांधणी, मजकूर भरणे, भाषांतर, छायाचित्रे, थीम आणि प्लगइनचे परवाने, डोमेन (वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची इंटरनेटवरील जागा), बदलांच्या फेऱ्या, प्रशिक्षण आणि पहिल्या वर्षानंतरचा वार्षिक खर्च. एखादी बाब ‘समाविष्ट नाही’ असे लिहिणारा डिझायनर चांगला; काहीच न लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावे. असे केल्यावर पंधरा हजार आणि साठ हजार यांतील अंतर नेमके कोठून आले, हे समोर दिसते.

जीएसटीचा हिशेब वेगळा मांडावा. नोंदणीकृत डिझायनर वेबसाइटच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लावतो, म्हणजे ६०,००० रुपयांचे बिल ७०,८०० रुपयांचे होते. कारखान्याला त्या १०,८०० रुपयांचे इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वळता करण्याची सोय) मिळू शकते, त्यामुळे त्याच्यासाठी खरा खर्च साठ हजारच राहतो. दवाखान्याची वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने डॉक्टरांना ते क्रेडिट मिळत नाही आणि कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) दुकानदारालाही मिळत नाही. त्यांनी पूर्ण रक्कम खर्च म्हणून धरावी. महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या सेवा पुरवठादाराला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताही येत नाही. कोणी जीएसटी मागत असेल तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक पाहावा. टीडीएस आपल्याला कापावा लागतो का, हे आपल्या सनदी लेखापालांना विचारून पहिला हप्ता देण्यापूर्वीच ठरवावे.

डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर नोंदवावे, याबाबत कोणतीही तडजोड करू नये. वर्षाला काही शे ते दीड हजार रुपयांचा हा खर्च डिझायनरने ‘फुकट’ दिला म्हणून त्याच्या खात्यावर ठेवला, तर मतभेदाच्या दिवशी दुकानाच्या पाटीचाच ताबा त्याच्याकडे असतो. सवलतीचा पहिल्या वर्षाचा भाव न पाहता नूतनीकरणाचा भाव पाहावा. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी हजारो रुपये लावलेले दिसले तर कारण विचारावे, कारण लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे मोफत मिळतात आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ती आपोआप बसवून देतात.

सातवी पायरी: करार, हप्ते आणि मालकी

दोन पानांचा करार पुरतो. त्यात कामाची यादी, तारीख, बदलांच्या फेऱ्या आणि त्यापुढील तासाचा दर लिहावा. होमपेजच्या आराखड्यासाठी दोन आणि पूर्ण वेबसाइटसाठी एक फेरी ही वाजवी मागणी आहे, आणि एक फेरी म्हणजे सर्व बदलांची एकच लेखी यादी, हेही स्पष्ट करावे. रात्री सुचतील तसे व्हॉट्सॲपवर पाठवलेले तीस निरोप दोन्ही बाजूंना मनस्ताप देतात. ग्राहकाने मजकूर उशिरा दिला तर तारीख तेवढीच पुढे जाईल, हे कलम डिझायनरने घातले तर ते मान्य करावे, कारण बहुतेक वेबसाइट तिथेच रखडतात.

हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधावेत. सुरुवातीला ४० टक्के, आराखडा मंजूर झाल्यावर ३० आणि सर्व काही ताब्यात मिळाल्यावर ३० टक्के, ही विभागणी दोघांनाही न्याय्य वाटते. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नकार द्यावा. पण काहीही आगाऊ न देता काम सुरू करा म्हणणेही बरोबर नाही, कारण पहिल्या महिन्यातही डिझायनरला आपला घरखर्च त्याच तासांतून भागवावा लागतो.

मालकीचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, त्याला नोकरी देणारा असतो; स्वतंत्र डिझायनरने केलेल्या आराखड्याचा आणि लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतः असतो, मग आपण पूर्ण पैसे दिलेले असले तरीही. हक्क आपल्याकडे यायचे असतील तर हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. म्हणून शेवटचा हप्ता मिळताच सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी ग्राहकाकडे येतील, असे एक वाक्य करारात घालून घ्यावे. विकत घेतलेली थीम, टंक आणि प्लगइन यांना हे लागू होत नाही. त्यांचे परवाने वेगळे राहतात.

आठवी पायरी: तीन वर्षांचा खर्च आणि ताबा

पहिल्या दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. समजा, एक कोटेशन २५,००० रुपयांचे आहे आणि पुढे देखभालीचे महिना २,००० रुपये आहेत. दुसरे ५७,००० रुपयांचे आहे आणि पुढे वर्षाला ६,००० रुपये आहेत. पहिले वर्ष दोन्हींत समाविष्ट धरले, तर तीन वर्षांअखेर पहिल्याचे ७३,००० रुपये होतात आणि दुसऱ्याचे ६९,०००. यात महिना दोन हजारांत मजकुराचे बदलही धरलेले असतील, तर तो करार महाग नाही. फक्त ‘होस्टिंग आणि सपोर्ट’ एवढेच लिहिले असेल, तर त्यात काय मिळते याची यादी मागावी. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, बॅकअप, सुरक्षेची तपासणी आणि महिन्याला बदलांचे ठरावीक तास, एवढे वार्षिक करारात असावे. स्वतः लॉगिन करून सुट्टीची सूचना किंवा नवी बॅच टाकता येत असेल, तर हा खर्च आणखी उतरतो, म्हणून प्रशिक्षणाचे दोन तास कोटेशनमधून कधीही कापू नयेत. ते प्रशिक्षण घेताना स्क्रीनचे रेकॉर्डिंग करून ठेवावे, म्हणजे कार्यालयातला माणूस बदलला तरी नव्याने पैसे द्यावे लागत नाहीत.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ताब्यात घ्यायच्या गोष्टी अशा: डोमेन आणि होस्टिंगचे लॉगिन, वेबसाइटचे मुख्य प्रशासकीय लॉगिन, गूगल ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल या वेबसाइटवरील भेटी आणि गूगल शोधातील स्थिती दाखवणाऱ्या साधनांची मालकी, थीम आणि प्लगइनच्या परवान्यांची यादी त्यांच्या नूतनीकरणाच्या तारखांसह, लोगोच्या मूळ फाइली आणि संपूर्ण वेबसाइटची एक बॅकअप प्रत. हे सर्व पासवर्ड आपल्या हाताने बदलावेत. मग ती बॅकअप प्रत डिझायनरला आपल्यासमोर दुसऱ्या एखाद्या चाचणी पत्त्यावर चढवायला सांगावी आणि प्रत्येक पान, प्रत्येक फॉर्म तिथे चालतो हे पाहूनच उरलेले ३० टक्के द्यावेत.